वायरीवरचे ताईत

त्या रविवारी मौन प्रार्थना चालू असताना आमच्या चर्चच्या स्पीकरमधून एका मेलेल्या माणसाला कोणीतरी हाक मारली.

"गोरक्ष, ए गोरक्ष, गाडी लागली का?"

मी डोळे उघडले, तर सगळ्यांचेच उघडे होते. पाळकसाहेबांचे हात वरच्या वर राहिले होते. गोरक्ष म्हणजे चर्चच्या भिंतीला लागून जिचं घर आहे त्या लंकाबाईचा एकुलता एक मुलगा. चार वर्षांमागे उसाची ट्रॉली उलटली आणि तो तिच्याखाली गेला. त्याच्या मातीला आम्ही सगळे गेलो होतो. गोरक्ष नावाची माणसं आमच्या श्रीगोंद्याकडे वाडीवाडीला सापडतील, पण त्या क्षणी हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. चर्चमध्ये, प्रार्थनेच्या शांततेत, कोणाचंही बोट लागलेलं नसताना स्पीकर त्याचं नाव घेत होता.

मग थोडी खरखर झाली आणि दुसऱ्या आवाजाने उत्तर दिलं.

"लागली, लागली. मागं ये बाळा, मागं ये बाळा, ये, ये... टेकलं."

बाकीच्यांना भीती वाटली ती पहिल्या आवाजाची. मला वाटली ती दुसऱ्याची. मी समोरच्या बाकाची पाठ धरली. शेजारच्या बाईने मला पाणी हवं का विचारलं, तेही मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

'टेकलं' हा शब्द आमच्या घरचा आहे. माझे वडील या भागातले उपदेशक. बैलगाडी घेऊन काष्टीच्या बाजाराला, आसपासच्या वस्त्यांवर जायचे, झाडाखाली थांबून गोष्टी सांगायचे, पेटीवर गीतं म्हणायचे. संध्याकाळी घरी आले की गाडी उलटी गोठ्यापर्यंत न्यावी लागे. बाकीचे गाडीवान बैलांना 'माघारी, माघारी' म्हणत आणि शेवटी 'बास' म्हणत. वडील बैलाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचे, "मागं ये बाळा, मागं ये बाळा," आणि गाडीची मागची फळी गोठ्याच्या कुडाला लागली की म्हणायचे, "टेकलं." आम्ही भावंडं आत पाट्या घेऊन बसलेलो असू. 'टेकलं' ऐकू आलं की आई चुलीवर तवा ठेवायची. त्यांच्यामागे माझा भाऊ योसेफ तेच म्हणायला लागला. योसेफचा मुलगा बेंजामिन चालायला शिकला तेव्हा बसताना 'टेकलं' म्हणायचा, आणि पुढे ट्रॅक्टर चालवायला लागल्यावर ट्रॉली मागे घेणाऱ्या दुसऱ्या पोरांनाही तसंच सांगायचा. ती पोरं त्याला चिडवायची, की बेंजामिनच्या ट्रॅक्टरला गिअर नाहीत, बैलं आहेत.

हा बेंजामिन चार वर्षांपासून बेपत्ता होता. आणि स्पीकरमधला आवाज त्याचा होता.

मी योसेफकडे बघितलं. मंडळीचा पंच म्हणून तो पुढच्या बाकावर बसतो. तो उठून उभा राहिला होता. त्याची पाठच मला दिसत होती, पण त्या पाठीवरून कळत होतं की त्यानेही ओळखलं.

बेंजामिन का गेला ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. उलटलेल्या त्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर तोच चालवत होता. गोरक्ष उसावर बसला होता. दोघांची दोस्ती शाळेपासूनची. चढावर ट्रॉलीची खीळ निसटली, त्यात चूक कोणाचीच नव्हती, पोलीस आणि गाव दोघांनीही तसंच म्हटलं. पण बेंजामिनची झोप गेली. ताटावर बसायचा आणि उठायचा. पुढे एका रविवारी चर्चची वरची खिडकी लावायला त्याने हात उंच केला, बाही खाली घसरली आणि दंडावर काळ्या दोऱ्यात ताईत दिसला.

आमच्या वडिलांच्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्यांचे ताईत आणि गंडेदोरे वडील स्वतः कापत. मी लहान होते, माझं काम डालड्याचा रिकामा डबा धरून उभं राहायचं. कात्री चालली की डब्यात टण् असा आवाज यायचा, आणि ताईत कापलेला माणूस एकदा आपल्या मोकळ्या दंडाकडे आणि एकदा माझ्याकडे बघायचा. पण त्याआधी वडील त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ बसत. त्याला काय झालं होतं, ताईत कोणी बांधला, कशासाठी बांधला, सगळं ऐकून घेत. कात्री त्यानंतर यायची.

योसेफने कात्री तेवढी लक्षात ठेवली. उपदेशकाच्या नातवाच्या दंडावर ताईत, तोही भर मंडळीत. आतल्या खोलीतून त्याने कात्री आणली आणि सगळ्यांच्या देखत दोरा कापला. बेंजामिनने हात मागे घेतला नाही. दुपारी आम्ही जेवायला हाक मारली तेव्हा तो घरात नव्हता. मोबाईल फडताळात ठेवून गेला होता. आई त्याची आधीच गेलेली. तेव्हापासून त्या घरात मी आणि योसेफ, दोघंच म्हातारी माणसं. तो कामाला गेलाय, असं योसेफ विचारणाऱ्याला सांगायचा. मग लोकांनी विचारणं सोडलं. शोध घ्यायचा तेवढा घेतला होता. पुण्यापासून नाशिकपर्यंत कोणाला तो दिसला नव्हता. तो जिवंत आहे की नाही, हा प्रश्न आम्ही दोघांनी एकमेकांना कधीच विचारला नाही.

आता त्या स्पीकरचं. माझी नात, प्रार्थना तिचं नाव, नगरला एमआयडीसीत एका कारखान्यात इंजिनिअर आहे. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण आमच्या तोंडात नगरच येतं. जुनी पेटी पार फाटली, तिचा भाता शिवून शिवून थकलो, म्हणून प्रार्थनेने मंडळीसाठी नवा कीबोर्ड, अँप्लिफायर आणि स्पीकर आणला. शनिवारी येऊन सगळं जोडलं, वाजवून दाखवलं आणि माझ्याकडे मुक्कामाला राहिली.

संध्याकाळी योसेफ चर्च बंद करून आला तो विजयी मुद्रेने. म्हणाला, आक्का, त्या नव्या बाजाला तीन ताईत बांधलेले होते, काढून टाकले.

मी हसले. म्हटलं, दुकानदार गिऱ्हाइकाला ताईत बांधून देतो का?

तो म्हणाला, का नाही? नव्या मोटारसायकलीला लिंबू-मिरची बांधून देतात, ट्रकला काळी बाहुली. ह्या प्रत्येक वायरीला काळा ताईत होता. नीट दंडावर बसल्यासारखा. कडी होती बारीक. कात्रीच्या टोकाने उचकटली.

प्रार्थना तेव्हा आंघोळीला गेली होती. तिने हे ऐकलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती.

तर त्या रविवारी स्पीकरने आवाज दिल्यावर पाळकसाहेबांनी घाईने आशीर्वाद म्हटला. कोणी बाहेर गेलं नाही. लोक बाकांच्या मधल्या वाटेत घोळक्याने उभे राहिले. एक बाई म्हणाली, ही सैतानाची करणी आहे, बाजा बाहेर काढा. एकजण म्हणाला, बाई, सैतान कशाला गाडी लागली का विचारील? कोणी हसलं नाही. तेवढ्यात सगळे दाराकडे वळले.

दारात लंकाबाई उभी होती. हातात परात, पीठ लागलेले हात. भिंतीला भिंत लागून घर असूनही ती आमच्या दारात कधी आली नव्हती. आणि गोरक्ष गेल्यापासून तर योसेफशी बोलायचीसुद्धा बंद झाली होती. मुलगा योसेफच्या मुलाच्या ट्रॅक्टरमागे गेला, त्या दुःखाने ती बोलत नाही, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"माझ्या पोराला कोन हाका मारतंय?" तिने विचारलं.

सगळे स्पीकरकडे बघायला लागले. प्रार्थना मात्र स्पीकरच्या मागे गुडघ्यावर बसून वायरी हाताने चाचपत होती. तिने डोकं वर काढलं. रागाने तिचा चेहरा लाल झाला होता. वायरीवरचे चोक कोणी काढले, असं तिने विचारलं. चोक म्हणजे काय ते कोणाला कळेना, तेव्हा तिने बोटाने माप दाखवलं. एवढे. काळे. गोल. वायरीवर बसवलेले.

योसेफ आतल्या खोलीत गेला आणि डबा घेऊन आला. डालड्याचा तोच डबा, पिवळा रंग उडालेला. तो त्याने टेबलावर पालथा केला. तीन काळे नळकांडीसारखे मणी ठकठक करत बाहेर पडले. त्यांच्यामागून आणखी एक काहीतरी घरंगळलं आणि टेबलाच्या कडेला जाऊन थांबलं. तांब्याची छोटी नळी, तिच्यात कापलेला काळा दोरा.

बेंजामिनचा ताईत. योसेफने तो चार वर्षं ठेवला होता. मला माहीत नव्हतं.

लंकाबाईने परात दाराशी ठेवली, पदराला हात पुसले आणि चपला काढून आत आली. तिने ताईत उचलला. उलटा-सुलटा करून बघितला.

"ह्यो मीच बांधला हुता त्याला," ती म्हणाली.

योसेफने टेबलाला हात टेकले.

लंकाबाई त्याच्याकडे बघून सावकाश बोलत होती, भांडत असल्यासारखी नाही. पोरगं रोज माझ्या दारात येऊन बसायचं, म्हणाली. तोंड वर करायचं नाही. चहा दिला तर कप हातात धरून थंड करायचं. मग मी मढीला गेले, कानिफनाथाच्या पायाशी घालून हा आणला, माझ्या हाताने दंडाला बांधला. त्याला म्हटलं, माझा गेला, तू तरी राहा.

"तवा पहिल्यांदा रडला त्यो," ती म्हणाली. "त्या राती झोपला आसंल. आन तुमी कापला."

"मला कुठं ठावं होतं," योसेफ म्हणाला.

"इच्यारलं हुतं का?"

योसेफने पालथा डबा सरळ करून ठेवला.

चार वर्षं ती योसेफशी बोलत नव्हती ते गोरक्षासाठी नव्हतंच. आम्हा शहाण्या माणसांना एवढंही कळलं नव्हतं. आता काय बोलायचं, त्यांचा देव वेगळा, असं म्हणून ती गप्प राहिली होती, आणि आम्ही तिच्या गप्प राहण्याला आपल्या सोयीचा अर्थ लावला होता.

तेवढ्यात स्पीकर पुन्हा खरखरला. "गोरक्ष, पुढचा डंपर आला. बघ." आणि त्यामागून, मागे मोठं इंजिन धडधडत असलेला तो आवाज: "ये, ये, मागं ये बाळा..."

लंकाबाई खालीच बसली. मुलाचं नाव आणि त्याच्या दोस्ताचा आवाज, दोन्ही एकाच वेळी. मी तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात धरला. तिने मला विचारलं, दीनाबाई, दोघं एका ठिकाणी हायेत का? याचा अर्थ मला कळला. दोघंही मेले आणि आता एकत्र आहेत, असं तिला विचारायचं होतं.

"आजी, तो आवाज वरून येत नाहीये," प्रार्थना म्हणाली. "इथूनच येतोय."

मग तिने सांगितलं. इंजिनिअरची भाषा तिने बाजूला ठेवली, म्हणून मला सांगता येतंय. वायर गाणं वाहून नेते, हे तिचं काम. पण लांब वायर कुठेही टाकली की ती न सांगता दुसरं काम करते. अँटिना होते. हवेतून जे जाईल ते पकडते, ट्यूबची घरघर, मोबाईलची टिकटिक, वायरलेसवरचं बोलणं. ते अँप्लिफायरमध्ये शिरतं आणि गाण्याबरोबर बाहेर पडतं. त्याला अडवायला वायरीवर हा मणी बसवतात. लोखंडाच्या गंजाची भुकटी दुसऱ्या धातूंच्या भुकटीत मिसळून भट्टीत भाजून केलेला असतो. गाण्याची कंपनं संथ, ती याच्यातून निवांत पलीकडे जातात. हवेतून आलेली फार घाईची असतात, ती याच्यात दमतात आणि जिरून जातात.

"म्हणजे राखणच की," मागून कोणीतरी म्हणालं. "ताईतच झाला."

प्रार्थनेने तीनही मणी उचलले आणि एकेक करून वायरींवर बसवले. कडी लागताना टिक् असा आवाज यायचा. पहिल्याने खरखर कमी झाली. दुसऱ्याने आवाज दूर गेल्यासारखा झाला. तिसरा बसला आणि स्पीकर गप्प झाला, अगदी गप्प.

"काढ," योसेफ म्हणाला.

"आजोबा, मी फक्त दाखवतेय की..."

"काढ ते. आधी काढ."

मी त्याला सत्तर वर्षं ओळखते. वडिलांच्या मातीलाही त्याचा आवाज असा फुटला नव्हता. प्रार्थनेने कड्या सोडल्या. खरखर परत आली, तिच्यातून इंजिन परत आलं, आणि योसेफने श्वास सोडला.

मग त्याने एकच प्रश्न विचारला. किती लांबून?

प्रार्थना म्हणाली, लांबून नाहीच येणार. असल्या उघड्या वायरीला लांबचं ऐकू येत नाही. सगळे वायरलेस तर असे ऐकूही येत नाहीत, हे गाडीत बसवलेले जुन्या पद्धतीचे सेट असतील, त्यांच्यातलं बोलणं जसंच्या तसं बाहेर पडतं. बोलणारा माणूस हाकेच्या अंतरावर असला पाहिजे.

हाकेच्या अंतरावर काय होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. चर्चच्या मागे लिंबोणीची बाग आणि बागेच्या मागे कुकडीचा कालवा. पाण्याचं आवर्तन सुटायच्या आत काँक्रीटचं अस्तर घालायचं म्हणून ठेकेदाराची माणसं दोन दिवसांपूर्वी यंत्रं घेऊन उतरली होती. कोरड्या कालव्यात, खोल, त्यामुळे काठाशी गेल्याशिवाय दिसत नव्हती. सगळी बाहेरची माणसं, तंबू पलीकडच्या काठाला. गावात कोणी आलं नव्हतं. दोन दिवस आम्ही तीच धडधड ऐकत भाकरी खाल्ली होती.

सगळे दाराकडे निघाले. लंकाबाईने सगळ्यांना थांबवलं. जत्रा नेऊ नका, पोरगं बुजंल, असं तिने सांगितलं, आणि परातीवर फडकं टाकून मला म्हणाली, चला दीनाबाई.

योसेफ जागचा हलला नाही. स्पीकरच्या शेजारची खुर्ची ओढून बसला. मी त्याला चल म्हटलं. त्याने मान हलवली.

"मी दिसलो तर तो उतरायचा न्हाई, आक्का. मी हितं बसतो. हितनं ऐकू येतंय."

आम्ही दोघी लिंबोणीच्या बागेतून निघालो. बांधावरून उतरताना ती मला हात देत होती आणि चढताना मी तिला. ती म्हणाली, आवाज त्याचाच असंल ना? मी हो म्हटलं, पण जसजसा कालवा जवळ येत गेला तसतशी माझी खात्री कमी होत गेली. माणसाचा आवाज यंत्रातून आला की आपल्याला हवा तो ऐकू येतो. चार वर्षं मी अंगणात पाऊल वाजलं की उठत होते.

काठावर आलो. खाली कालव्याच्या पोटात पिवळा पोकलेन उभा होता आणि डंपर उलटा त्याच्याकडे येत होता. पोकलेनच्या केबिनमध्ये तोंडाला पंचा बांधलेला माणूस, हातात वायरलेसचा माईक. चेहरा दिसेना. हाक मारली तर इंजिनात बुडून जाणार. मी दोनदा बेंजामिन म्हणून ओरडले. त्याने बघितलं नाही.

लंकाबाईने पदर कमरेला खोचला, काठाच्या अगदी टोकाला गेली आणि रानातून पोराला जेवायला बोलवावं तशी हाक दिली.

"ए गोरक्षाऽऽ!"

पंचा बांधलेल्या माणसाचं डोकं झटक्याने वर आलं. त्याने तिला बघितलं. पोकलेनचा हात मातीने भरलेला तसाच हवेत थांबला. मग इंजिन बंद झालं, आणि त्या शांततेत त्याने पंचा सोडला.

दाढी आली होती. केस कानांवर पांढरे झाले होते, आमच्या घराण्यात लवकर होतात. तो खाली उतरून उतारावरून वर आला. तो तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला तेव्हा तिने त्याच्या दंडाला धरलं आणि हलवलं, झाड हलवतात तसं.

"माझ्या पोराचं नाव घिऊन गावगाव फिरतूस, आन माझ्या दारात येत न्हाईस व्हय रे?"

बेंजामिन तिच्या पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला, पहिल्या कामावर मुकादमाने नाव विचारलं. माझं नाव तोंडातून निघेना, त्याचं निघालं. मग तेच पडलं. म्हटलं, कोणीतरी दिवसातून दहादा त्याला हाक तरी मारतंय.

लंकाबाईने तोंडावर पदर घेतला. मला वाटलं ती आता कोसळणार. ती कोसळली नाही. पदरातूनच म्हणाली, गोरक्षाचं नाव त्याच्यापाशी राहू दे, तुझं तुला हाय.

इथे काम येणार हे त्याला महिनाभर आधी माहीत होतं. दुसरीकडे जातो म्हणाला असता तर ठेकेदाराने पाठवलं असतं. तो म्हणाला नव्हता. दोन दिवस केबिनमधून त्याला चर्चच्या घंटेचा मनोरा लिंबोणींच्या वर दिसत होता. संध्याकाळी बागेच्या कुंपणापर्यंत येऊन तो परत जात होता.

मी त्याला म्हटलं, चल, तुझा बाप चर्चमध्ये बसलाय. स्पीकरमधून तुझं बोलणं ऐकत.

त्याचा विश्वास बसेना. मी वायरींचं सांगितलं, काळ्या मण्यांचं सांगितलं, ताईत समजून ते कात्रीने काढल्याचं सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावर हसू यायला लागलं, ते मधेच अडकलं.

"आबा? आणि ऐकतायत?"

"बघ बोलून," मी म्हटलं.

तो परत खाली गेला. यावेळी आम्हीही त्याच्या मागे उतरलो, मी बसत बसत, लंकाबाई मला धरून. त्याने केबिनमध्ये हात घालून माईक घेतला. वायरीसकट माईक बाहेर येताना मला त्या वायरीवरही तसाच काळा मणी दिसला. त्याने बटण दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं.

"आबा," तो म्हणाला. मग थांबला. "मी बेंजामिन."

सेटमधून लगेच मुकादमाचा आवाज आला, की कोण बेंजामिन, कोणत्या गाडीवर आहे, लाईन मोकळी कर. बेंजामिनचं तिकडे लक्ष नव्हतं. तो मनोऱ्याकडे बघत होता. मीही बघत होते. चर्चच्या आतून ओरडून बोललेलंही इथे खाली आलं नसतं.

चर्चमध्ये काय झालं ते प्रार्थनेने मला नंतर सांगितलं. 'मी बेंजामिन' ऐकू आलं तेव्हा योसेफ खुर्चीतून उठला आणि स्पीकरच्या जाळीला तोंड लावून बोलायला लागला. बोल बाळा, ऐकतोय मी, बोल. पुन्हा पुन्हा तेच. लोक बघत उभे होते, कोणाची पुढे व्हायची छाती होईना. शेवटी प्रार्थनेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, आजोबा, ही वायर फक्त ऐकते. तिला बोलता येत नाही.

कालव्यात आम्ही वाट बघत होतो. लंकाबाई म्हणाली, न्हाई ऐकू गेलं वाटतं. बेंजामिन माईक परत आकड्याला अडकवायला वळला.

तेव्हा घंटा वाजली.

आमच्या चर्चची घंटा दोन तऱ्हांनी वाजते. माती असली की सावकाश, एक ठोका विरल्यावर दुसरा. सण असला की दोर भरभर ओढतात, ठोक्यात ठोका मिसळतो. योसेफ चाळीस वर्षं घंटा वाजवतोय, गावाला त्याच्या हाताची ओळख आहे. ही घंटा सणाची होती, आणि सणालाही तो कधी अशी वाजवत नव्हता. लिंबोणीतली पाखरं उठली. काठावर माणसं दिसायला लागली, काय झालं म्हणून घराघरातून निघालेली. बेंजामिन एका हाताने पोकलेनची साखळी धरून उभा होता, आणि त्याची हनुवटी लहान मुलासारखी हलत होती.

"गोरक्ष," सेटमधून मुकादम म्हणाला, "कसली घंटा रे ही? सुट्टी झाली का काय?"

बेंजामिनने नाक पुसलं आणि बटण दाबलं.

"गोरक्ष न्हाई, बेंजामिन," तो म्हणाला. "आमच्या आबांची घंटा हाय. जरा थांबा, मी घरी जाऊन येतो."

हेही चर्चमध्ये ऐकू गेलं. प्रार्थना सांगते, सगळ्यांनी ऐकलं, योसेफने सोडून. तो दोर ओढत होता, आणि त्याच्याजवळ जाऊन कोणी सांगितलं तरी तो सोडीना.